दुबईतले साठ दिवस आणि अण्णांची शिफारस

आमच्या मुठा गावात परत येऊन मला आता चार महिने होत आले, तरी थांब्यावर, किराणा दुकानात, लग्नाच्या मांडवात माणसं मला दोनच गोष्टी विचारतात. तो उंच टॉवर बघितला का, आणि सोनं किती आणलं. टॉवर मी रोज बघितला, कारण तो कुठूनही दिसतो, न बघायचं ठरवलं तरी दिसतो. सोनं आणलं नाही. एक किलो खजूर आणले, त्यातले अर्धे आईने दोन दिवसांत वाटून टाकले. ज्यासाठी गेले होते त्याचं मात्र कुणी विचारत नाही; बहुधा माझ्या तोंडाकडे बघूनच कळत असावं. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते आहे. आमच्या मुळशी तालुक्यातून आणखी कुणी बाई एकटी नोकरी शोधायला तिकडे निघाली, तर तिला रस्ता कुठून ओलांडायचा एवढं तरी कळेल.

मुठा

माझं नाव सुनंदा, वय सदतीस, लग्न झालेलं नाही. घरात मी आणि आई. धाकटा भाऊ चांद्याला राहतो, हिंजवडीच्या कंपन्या तिथून जवळ पडतात म्हणून. सणावाराला येऊन जातो. मी बारा वर्षं उरवड्यातल्या एका कारखान्यात हिशेब बघते. गाड्यांना लागणारे पत्र्याचे बारीकसारीक भाग तिथे बनतात. मुठ्याहून स्कूटरवर खिंड चढायची, उरवड्यात उतरायचं आणि संध्याकाळी तीच खिंड उलटी चढायची. सीएच्या इंटरचा एक ग्रुप सुटला, दुसरा चार वेळा राहिला. पाचव्यांदा फॉर्म भरायची हिंमत झाली नाही.

कारखान्याच्या मालकांना सगळे अण्णा म्हणतात. माणूस सरळ आहे. पत्र्यावरून बोट फिरवून जाडी सांगतात, आणि इंग्रजी पत्र आलं की ते न उघडता माझ्या टेबलावर ठेवतात. मला तिथे काही त्रास होता असं नाही. पण माझ्या खुर्चीसमोरच्या खिडकीतून एक आंबा दिसतो, आणि एका दुपारी माझ्या लक्षात आलं की त्या आंब्याच्या कुठल्या फांदीला कधी मोहर येतो हे मला पाठ झालंय. मला तिथेच म्हातारं व्हायची भीती वाटायला लागली. हे खरं कारण. आईला मी पगाराचं सांगितलं.

परदेशातल्या फर्मना मी साठेक अर्ज पाठवले असतील. एकाच ठिकाणाहून उत्तर आलं, पण ते भल्या मोठ्या फर्मकडून आलं. देशोदेशी शाखा असलेली, बड्या कंपन्यांचे हिशेब तपासणारी फर्म. त्यांनी एक ओळ लिहिली होती: सध्या दुबईत असाल तर चाचणीसाठी या. मी सध्या उरवड्यात होते. पण उत्तर आलं होतं, आणि ते मी दिवसातून चारदा उघडून वाचत होते. शेवटी एक मुदत ठेव मोडली आणि साठ दिवसांचा व्हिसा काढला.

अण्णांना सांगायला गेले तेव्हा ते कच्च्या मालाच्या ट्रकशी वाद घालत होते.

"दुबई?" ते म्हणाले. "एकटी?"

"हो."

त्यांनी ट्रकवाल्याला हाताने थांबवलं. "जा. बघून ये. न्हाई जमलं तर म्हागारी ये, खुर्ची तुझीच हाय. आन् कुणाला काय इचारायचं आसंल माझ्याबद्दल, म्हंजी तुझ्याबद्दल, तर माझा नंबर दे त्यास्नी. मी सांगतो बराबर."

निघायच्या दिवशी त्यांनी पौडच्या दुकानातून किलोभर पेढे मागवले. तिथल्या मोठ्या साहेबाला दे म्हणाले.

आईने शेंगदाण्याची चटणी, नाचणीचं पीठ आणि एक लहान तवा दिला. "तितं भाकरी मिळती का गं?" ती म्हणाली. मिळत असेल, असं मी सांगितलं. "आन् न्हाई मिळाली तर?" याचं उत्तर तवाच होता, म्हणून मी तो बॅगेत घातला.

देरा

देरा हा दुबईचा जुना भाग. तिथे 'बेड स्पेस' भाड्याने मिळते, म्हणजे खोली नाही, खोलीतला एक पलंग. आमच्या खोलीत तीन दुमजली पलंग आणि सहा बायका होत्या. मला वरचा पलंग मिळाला. प्रत्येक पलंगाला पडदा. पडदा ओढलेला असेल तर त्या बाईशी बोलायचं नाही, हा नियम मला कुणी सांगितला नाही, दोनदा तोंडघशी पडून कळला. आमच्याकडे मुठ्यात दार लोटलेलं असलं तरी माणूस बाहेरून बोलायला सुरुवात करतो आणि बोलत बोलतच आत येतो.

फ्रीजमध्ये प्रत्येकीचा एक कोपरा, त्यावर नाव चिकटवलेलं. स्वयंपाकघराच्या दारावर वेळापत्रक. माझी वेळ दुपारी अडीच ते तीन होती. पहिल्या भाकरीच्या वेळी धुराची घंटा वाजली आणि इमारतीचा रखवालदार धावत आला. तो तव्याकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा तव्याकडे बघत राहिला. त्यानंतर मी खिडकी उघडून, अगदी मंद आचेवर भाकरी करायला लागले. ती पापडासारखी व्हायची, पण व्हायची.

खालच्या पलंगावर मर्लिन होती. फिलिपिन्सची, एका सलूनमध्ये नखं रंगवायचं काम करायची. दुसऱ्या दिवशी मी भाकरी आणि चटणी घेऊन बसले आणि ती आत आली. आपल्याकडे जेवताना कुणी आलं की तोंडातून आपसूक निघतं, "या जेवायला." मी तेच इंग्रजीत म्हणाले. आपल्याकडे समोरचा माणूस म्हणतो, बसा बसा, चालू द्या, आणि विषय संपतो. मर्लिनने पिशवी ठेवली, हात धुतले, माझ्यासमोर मांडी घातली आणि अर्धी भाकरी तोडून घेतली. माझी एकच भाकरी होती. तिने चटणी मिटक्या मारत खाल्ली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत खाल्ली, आणि थँक यू म्हणून पडदा ओढून झोपली.

मी अर्धपोटी राहिले आणि मनात तिला बरंच काही बोलले. पण साठ दिवसांत कुणाबरोबर बसून जेवले असं ते एकच जेवण. पुढे तिची पाळी बदलली आणि आमची गाठ पडेनाशी झाली.

रस्त्याच्या पलीकडे

चाचणी आठव्या दिवशी होती. मी मेट्रोने गेले. मेट्रो सुरेख आहे, बायकांचा डबा वेगळा, काचेसारखी स्वच्छ फरशी. स्टेशनच्या बाहेर पडले तर फर्मची इमारत समोरच. नावाच्या पाटीतली अक्षरंसुद्धा वाचता येत होती. मधे फक्त रस्ता.

तो रस्ता मी मोजला. एका बाजूला सहा गाड्या शेजारी शेजारी धावत होत्या, दुसऱ्या बाजूला सहा. मधे कठडा. पिरंगुटच्या चौकात आपण हात दाखवतो आणि ट्रकच्या पुढून निघून जातो. इथे हात दाखवायला कुणाचं तोंडच दिसत नव्हतं. मी उन्हात पंधरा मिनिटं काठाकाठाने चालले. पुढे एका बांधकामावरचा पाकिस्तानी पहारेकरी खुर्चीतून उठला.

"बहन, इधर से कोई पार नहीं करता," तो म्हणाला. "वापस स्टेशन जाओ. ऊपर पुल है, एसी वाला."

मी ज्या दारातून बाहेर पडले होते त्याच्या दहा पावलं आधी पुलाचा जिना होता. नवीन येणाऱ्या बाईने हे लक्षात ठेवावं: दुबईत समोर दिसतं तिकडे जायचं नाही, आधी मागे वळायचं.

वीस मिनिटं उशिरा, घामाने निथळत मी आत शिरले आणि रिसेप्शनवरच्या मुलीच्या हातात पेढे ठेवले. साहेबांसाठी, म्हणून सांगितलं. ती मुलगी इतकी गोंधळली की तिने कुणाला तरी फोन लावला. मग एक तरुण आला आणि त्याने फार अदबीने समजावलं की त्यांना कुणाकडून काहीही घेता येत नाही, कॅलेंडरसुद्धा नाही. पेढ्यांचा डबा टेबलाच्या कडेला ठेवून मी चाचणी दिली. शेजारच्या मुलाला वास येत असावा, तो सारखा वळून बघत होता.

चाचणी म्हणजे एका खोट्या कंपनीच्या कागदांचा गठ्ठा. त्यात कुठे काय चुकलंय ते दीड तासात शोधायचं. पेन हातात आलं आणि मला एकदम बरं वाटलं. देश नवा, रस्ता नवा, पण कागद ओळखीचे होते. एकच पावती दोन महिन्यांत दोनदा लावलेली सापडली. गोदाम बंद असलेल्या दिवशी माल आल्याची नोंद सापडली. त्या तरुणाने माझा कागद बघितला, हसला आणि म्हणाला, यातली एक चूक आम्ही घातलेली नव्हती, आमच्याकडूनच राहिली होती.

परत येताना मी पुलावरच्या थंड हवेत उभी राहिले आणि एकामागून एक तीन पेढे खाल्ले. कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. आईला फोन लावला. "जेवलीस का?" ती म्हणाली. जेवले, म्हणाले. चाचणीचं सांगायला लागले तर तिकडून कुत्र्याच्या भुंकण्याचा आवाज आला आणि आई म्हणाली, "थांब गं, कालवड सुटली वाटतं." फोन तसाच चालू राहिला. मी बराच वेळ आमच्या अंगणातले आवाज ऐकत उभी होते.

खाडी

मग नऊ दिवस काहीच कळलं नाही. मी रोज सकाळी आवरून, बॅग घेऊन बाहेर पडायचे, कामाला जाणाऱ्या माणसासारखी. इतर फर्मच्या रिसेप्शनवर अर्ज ठेवायचे. दुपारनंतर देऱ्याच्या खाडीच्या काठावर बसायचे. तिथे लाकडी होड्या चालतात, त्यांना अब्रा म्हणतात. एका दिरहमात पलीकडे नेतात. मी पलीकडे जायचे आणि त्याच होडीने परत यायचे. होडीवाल्याला दोन दिवसांनी माझी ओळख पटली, तो मला बघून फक्त मान हलवायचा. त्या मान हलवण्याची मी वाट बघायला लागले, तेव्हा मला माझीच काळजी वाटली.

पाण्याजवळ मी मोठी झाले. एका बाजूला मुठा नदी, दुसऱ्या बाजूला टेमघरचं धरण. मला वाटलं होतं पाण्याजवळ बसलं की घरच्यासारखं वाटेल. पण खाडीच्या पाण्याला डिझेलचा वास येतो आणि काठावर एकही जनावर दिसत नाही. एकटेपणा हा शब्द मी आधी कधी स्वतःसाठी वापरला नव्हता. मुठ्यात मी अविवाहित होते, त्याबद्दल गावाने मला पुरेसं ऐकवलं, पण एकटी नव्हते. इथे सगळे माझ्याशी नीट वागत होते आणि कुणालाही माझं नाव ठाऊक नव्हतं.

एका गल्लीत वाण्याचं दुकान होतं. मी फोनवर आईशी बोलत कांदे निवडत होते, तर गल्ल्यावरचा पांढऱ्या दाढीचा माणूस म्हणाला, "मराठी काय तुम्ही? खंयच्या?"

तो रत्नागिरीकडचा निघाला. तीस वर्षं तिथे होता. मी मुळशी म्हणाले तर त्याला धरण माहीत होतं, त्याचे मामा पुण्याला होते. मग त्याने मला एका कोऱ्या कागदात चार हिरव्या मिरच्या बांधून दिल्या.

"हे घ्या. पैसे नकोत," तो म्हणाला. "नोकरी मिळाली की पेढे द्या."

उरलेले पेढे खोलीवरच होते, पण नोकरी नव्हती. त्या मिरच्या मी पाच दिवस पुरवून खाल्ल्या.

सुझन मॅडम

बोलावणं आलं तेव्हा मी होडीत होते. शेवटची मुलाखत, सोमवारी, अकरा वाजता. त्याआधी आमच्याकडची एक मुलगी तुमच्या मालकांशी फोनवर बोलून घेईल, असं त्यांनी कळवलं होतं. मी अण्णांना निरोप दिला. त्यांनी उलट फोन करून विचारलं, "बाई हिंदी समजती का? मग बगच तू."

या वेळी मी पुलावरून गेले आणि तासभर आधी पोचले.

सुझन मॅडम केरळच्या, पन्नाशीच्या पुढच्या. खादीसारखी जाडसर साडी, केस करडे, टेबलावर एक झाकण असलेला पाण्याचा लोटा. त्यांनी आधी चाचणीचा कागद काढला आणि माझं कौतुक केलं. मुळशी कुठे आहे विचारलं. आई काय करते विचारलं. अर्धा तास असा गेला की मी खुर्चीत टेकून बसले. मला आतून वाटत होतं, हे झालं. आता खिडकीसमोर तो आंबा नाही.

मग त्यांनी दुसरा कागद उचलला. "तुमच्या मालकांशी आमच्या ऑफिसातली मुलगी बोलली," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "ते तुम्हाला फार मानतात. मी वाचून दाखवते." आणि त्या वाचायला लागल्या. इंग्रजीतून येत होतं, पण मला अण्णांचाच आवाज ऐकू येत होता, त्यांच्या त्या उरवड्याच्या हिंदीसकट. लडकी बहुत गुणी है. बारा साल में एक बार भी ना नहीं बोली. जो बोलेगा वो करती है. कागद सामने रखा तो बघती भी नहीं, साइन करती है, इतना भरवसा है हमारे ऊपर.

अण्णा माझ्याबद्दल कधी एवढं बोलले नव्हते. आमच्याकडे एखाद्या बाईबद्दल याहून चांगलं काय बोलतात मला माहीत नाही. मुलगी दाखवताना हेच सांगतात, सुनेचं कौतुक करताना हेच सांगतात.

"हे खरं आहे का?" सुझन मॅडमनी विचारलं.

"हो मॅडम," मी म्हणाले. मी ताठ बसले होते, हसत होते.

"बारा वर्षांत एकदाही तुम्ही त्यांना नाही म्हणाला नाहीत?"

"एकदाही नाही."

"आठवून बघा. एखादा कागद परत केला असेल. एखादी सही नाकारली असेल."

"नाही मॅडम," मी म्हणाले. मला वाटलं त्या माझी परीक्षा बघताहेत, आणि मी आणखी ठासून सांगितलं, "अण्णांचा शब्द मी कधी मोडला नाही."

त्यांनी कागद खाली ठेवला आणि चष्मा काढून डोळे चोळले. मग त्या हळू आवाजात बोलल्या, आणि ते मी अजून विसरलेले नाही. "सुनंदा, तुमचं काम उत्तम आहे. पण जो आम्हाला पैसे देतो त्यालाच आम्हाला सांगावं लागतं की तुझं म्हणणं आम्ही बघितल्याशिवाय लिहिणार नाही. रोज सांगावं लागतं. मोठमोठ्या माणसांना. ज्या बाईने बारा वर्षांत एकदाही असं सांगितलं नाही, तिला मी त्यांच्यासमोर कसं पाठवू?"

मी काहीतरी बोलले असेन. आपल्याकडे मोठ्यांना उलट बोलत नाहीत, असंच काहीतरी. त्या म्हणाल्या, मला ठाऊक आहे, आमच्याकडेही नाही बोलत. मग उभ्या राहून त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. पुढच्या वेळी जागा निघतील तेव्हा पुन्हा अर्ज करा, म्हणाल्या. एवढ्या प्रेमाने मला कुणी कधी नकार दिला नव्हता.

उरलेले दिवस

व्हिसाचे अजून बरेच दिवस होते आणि तिकीट बदलायला जास्त पैसे पडत होते. मी राहिले. अर्ज देत राहिले, पण आता दिवसाला एखादाच. सुरुवातीला मला अण्णांचा फार राग आला. होडीत बसून मी त्यांच्याशी भांडायचे, मनातल्या मनात, कारण तोंडाने मला येतच नव्हतं. मग राग ओसरला, कारण ते खोटं काय बोलले होते? मी खरंच कागद बघत नव्हते.

मग मी आठवायला बसले. मी आयुष्यात कुणाला कधी नाही म्हणाले होते का? भावाने घराच्या जमिनीच्या हक्कसोडाचा कागद आणला तेव्हा मी त्याला विचारलं होतं, सही कुठे करू. वडील असताना एक स्थळ सांगून आलं, ते मला मनापासून आवडलं होतं. वडील नको म्हणाले, मी बरं म्हणाले. पाचव्यांदा परीक्षेला बसू नको असं मावशीने सांगितलं, मी बसले नाही. असं एकेक काढत गेले आणि पार शाळेपर्यंत पोचले. पाचवीत एकदा मी दोडक्याची भाजी खाल्ली नव्हती. एवढंच निघालं. खाडीच्या काठावर बाकावर बसून मी त्या दोडक्यावर हसले आणि मग रडले. शेजारी दोन बायका बाळाला भरवत होत्या, त्यांनी सभ्यपणे मान वळवली.

मर्लिनसाठी मी एक चिठ्ठी आणि उरलेली चटणी ठेवून निघाले. तिचा पडदा ओढलेला होता.

उरवडे

परत आल्यावर चौथ्या दिवशी खिंड उतरले. डोंगर करपून गेले होते, वणव्याचे काळे पट्टे होते, आणि तरी मला ते बघून इतकं बरं वाटलं की मी स्कूटर थांबवून नुसती उभी राहिले.

अण्णा गेटपर्यंत आले. "आली का सुनंदे! आगं, मी लई चांगलं सांगितलं त्या बाईला. पंधरा मिन्टं बोललो. काय म्हनली मग?"

त्यांचा चेहरा इतका उजळलेला होता. "जागा भरल्या होत्या, अण्णा," मी म्हणाले.

"त्यांचंच नुस्कान," ते म्हणाले आणि चहा मागवला. माझी खुर्ची खरोखर कुणाला दिलेली नव्हती.

महिना संपला आणि बँकेचा कागद आला. कारखान्यात किती माल शिल्लक आहे ते दर महिन्याला बँकेला लिहून द्यावं लागतं. अण्णा आकडे सांगतात, मी लिहिते, आणि खाली 'माल प्रत्यक्ष पाहिला' असं छापलेलं असतं तिथे सही करते. बारा वर्षं करत आले. अण्णांनी कागद माझ्यापुढे ठेवला आणि मी पेन उचललं.

"अण्णा, मी जरा गोदामात जाऊन येते," मी म्हणाले. "मग करते सही."

"गोदामात काय काम?"

"माल बघून येते."

"माल हाय की. मी सांगतुया न्हवं?"

"हो. फक्त बघून येते."

देवाशपथ सांगते, मी आवाज चढवला नाही. मला काही सिद्ध करायचं नव्हतं. पण पेन टेकवायला हातच तयार नव्हता. मी गोदामात गेले, दीड तास पेट्या मोजल्या, धुळीने शिंका आल्या. माल होता. अण्णांनी सांगितला होता तितकाच, उलट चार पेट्या जास्त निघाल्या. मी परत येऊन सही केली आणि त्यांना चार पेट्यांचं सांगितलं. वाटलं, हसतील.

"बारा वर्सं न बघता केलीस," अण्णा म्हणाले. "आन् आज बघून आलीस. म्हंजी आता माझा सबुद पुरत न्हाई तुला."

त्यांचं दुखलं होतं, आणि ते मी दुखवलं होतं. मला माफी मागता आली असती. पुढच्या महिन्यात न बघता सही करता आली असती. मी पुढच्या महिन्यातही गोदामात गेले.

तेव्हापासून अण्णा मला मॅडम म्हणतात. "मॅडम, सही झाली का तुमची?" आधी चहाची वेळ झाली की आपल्या केबिनमधून हाक मारायचे, आता चहा माझ्या टेबलावर येतो. पगार वेळेवर होतो, कुणी वाकडं बोलत नाही. फक्त त्या एवढ्याशा ऑफिसात मला देऱ्याच्या खोलीतल्यासारखं वाटतं. बारा वर्षांच्या जिव्हाळ्याचं माणूस मी एका सहीने घालवलं, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. सही चुकली असं मात्र वाटत नाही.

गेल्या आठवड्यात त्या फर्मने पुन्हा जागा काढल्या. अर्जात शेवटी सध्याच्या मालकाचं नाव आणि फोन नंबर विचारतात. मी उठून अण्णांच्या केबिनच्या दारात उभी राहिले.

"अण्णा, पुन्हा अर्ज करतेय. तुमचा नंबर देऊ का?"

त्यांनी मान वर केली नाही. "द्या की. पर मॅडम, या टायमाला मी गोड गोड बोलनार न्हाई. हाय तेच सांगनार. म्हननार, बाई लई बदलली. सांगितलेलं ऐकत न्हाई. सवता डोळ्यानं बघितल्याबिगर एक सही करत न्हाई, मालक आसला तरी."

"हो अण्णा," मी म्हणाले. "अगदी असंच सांगा."

त्यांना वाटलं मी टोमणा मारला. ते उठून मशीनकडे निघून गेले, आणि मी त्यांचा नंबर अर्जात लिहिला.